पूजेला ठेवलेली पुस्तकं

बेंगळुरू, १४ जून

मावशी,

नमस्कार करते, पण हा नमस्कार रागात केलेला आहे हे आधीच सांगते. राग तुझ्यावर नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला चिडल्यावर मोबाईलवर धड लिहिता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. निपाणीच्या बसमध्ये देईन, स्टँडवरून आणवून घे.

नवी शाळा सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला आहे, आणि मला दुसरीचा वर्ग दिलाय. खिडकी एवढी मोठी की तिच्याखाली चटई टाकली तर अर्धा वर्ग मांडी घालून वाचत बसेल. मी तेच केलं. मार्केटमधून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, पॉलिश पेपरनं घासल्या आणि मुलांच्या कमरेच्या उंचीला लावल्या. पुस्तकांचा चेहरा समोर ठेवला, कारण दुसरीतलं मूल पाठीवरचं नाव वाचून पुस्तक उचलत नाही, चित्र बघून उचलतं. टोपल्यांवर काय लिहायचं ते मुलांनाच विचारलं. 'हसायची', 'घाबरायची', 'अम्माला वाचून दाखवायची' असं ठरलं. भिंती मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. जूनमध्ये मुलांनी अजून काही केलेलंच नाही, मग लावायचं काय? एक दोरी बांधली, चिमटे अडकवले. म्हटलं, भरेल हळूहळू.

आणि मग शाल्मली मॅडम आल्या. या प्रायमरीच्या को-ऑर्डिनेटर. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आल्यात. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी "ओह, तू त्या साईडची का?" म्हणाल्या. कुठल्या साईडची ते मी विचारलं नाही. वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "वीणा, वॉल्स इतक्या बेअर? पेरेंट्स काय म्हणतील? या वर्षी आपली जंगल थीम आहे, सगळ्या क्लासेसना सेम."

दुसऱ्या दिवशी एक माणूस येऊन छापील जंगल चिकटवून गेला. मावशी, त्या जंगलात पेंग्विन आहे. सिंहाच्या शेजारी उभा राहून हसतोय. मुलांनी विचारलं तर मी काय सांगू, रस्ता चुकलाय म्हणून?

तू आयुष्यभर पहिली-दुसरीच शिकवलीस. सांग, माझं चुकतंय का? आणि घरात गोष्टींची पुस्तकं पडून असतील तर पाठव. माझ्या पेट्या अजून अर्ध्या रिकाम्या आहेत.

तुझी,
वीणा


निपाणी, २४ जून

चि. वीणा,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत. आता बोलणी खा.

भिंती कोऱ्या? शाळा आहे की तंबाखूचं गोदाम? पोर पहिल्या दिवशी आईचा हात सोडून आत येतं, त्याला काहीतरी बघायला नको? एक चित्र लाव, एकच, पण तुझ्या हातचं. बाकी तुझं बरोबर आहे. भिंत मुलांसाठी असते, आईबापांना फोटो काढायला नसते. पेंग्विनचं वाचून मात्र मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या अक्का काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अय्यो, त्याला उकडत नसेल का?

पुस्तकं पाठवते आहे. काही कन्नड, काही मराठी, थोडी इंग्रजी, ती माझ्या गुंडोच्या लहानपणची. सगळी उसवून पुन्हा दोऱ्यानं शिवलीत, खळ लावून नवे पुठ्ठे चढवलेत. पाठीला माझ्या जुन्या इरकली लुगड्यांचे काठ लावलेत. हौस म्हणून नव्हे, तो काठ लवकर फाटत नाही म्हणून. पोरांनी ओढली, दप्तरात कोंबली, डब्याखाली दाबली, तरी टिकतील. जपून ठेवू नकोस. जपलेलं पुस्तक मला बघवत नाही.

सरी, बरं, पुरे आता. सुईत दोरा ओवून ओवून डोळे दुखायला लागलेत.

संयोगितामावशी


बेंगळुरू, १६ सप्टेंबर

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही म्हणून रुसली असशील. पुस्तकं मिळाल्याचं तुला गुंडोदादाकडून कळवलं होतं, पण त्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

माझ्या वर्गात पवित्रा म्हणून एक मुलगी आहे. वडील बोम्मसंद्राला कारखान्यात, आई इथल्याच अपार्टमेंटमध्ये कामाला. जुलै संपेपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. बाकीची मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात, ती खिडकीबाहेर बघायची. तुझ्या पुस्तकांत ते विहिरीतून बाहेर पडून बाजार बघायला निघालेलं कासव आहे ना, कन्नडमधलं, ते तिनं उचललं. चार दिवस नुसती चित्रं बघितली. पाचव्या दिवशी चटईवर बसून मोठ्यानं वाचायला लागली, आणि ते इंग्रजीवाले सगळे तिच्याभोवती जमले, कारण त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं. आता रोज तिला घेरतात. "पवित्रा, पुढे काय, पुढे काय?" ती मान ताठ करून पान उलटते. तो रुबाब तू बघायला हवा होतास.

आता रागाचं सांगते. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की दुसरीचा वर्ग रद्दीच्या दुकानासारखा दिसतो. झालं. शाल्मली मॅडमनी मुलं खेळायला गेलेली असताना पुस्तकं टोपल्यांतून काढली आणि काठांच्या रंगांप्रमाणे रांगेत लावली. आधी हिरवी, मग जांभळी, मग लाल. दिसत होतं सुंदर, खोटं कशाला बोलू. पण मुलं पुस्तकाला हातच लावेनात. एक काढलं की रंगांची रांग मोडते ना! मी संध्याकाळी सगळी परत टोपल्यांत टाकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून मला 'टीम स्पिरिट' समजावून सांगण्यात आलं. मी ते उभ्यानंच ऐकलं.

आता नवीनच निघालंय. दसऱ्याची सुटी लागायच्या आधी खाली हॉलमध्ये सरस्वतीपूजा आहे. प्रत्येक वर्गानं पुस्तकं द्यायची. बाकीच्या वर्गांकडून एकेकच मागितलंय, माझ्याकडून मात्र तू बांधलेली सगळी. मागच्या आठवड्यात एक सजावटवाली बाई येऊन त्यांचे फोटो काढून गेली. तुझे काठ बघून "सो एथनिक!" म्हणत होती. परत कधी मिळणार विचारलं तर शाल्मली मॅडम म्हणाल्या, "अगं, पूजा आहे, पूजेला कोणी असं विचारतं का?" मला काहीतरी खटकतंय. देऊ की नको?

वीणा


निपाणी, २० सप्टेंबर

चि. वीणा,

दे. यात विचारायचं काय?

आपल्या घरी नवरात्रात पुस्तकं पाटावर मांडली की दसऱ्यापर्यंत कुणी पान उलटायचं नाही, अशी रीत होती. तू तर दप्तर सगळ्यात आधी आणून ठेवायचीस, अभ्यास टळायचा म्हणून! देवीपुढे ठेवलेलं दसऱ्याला आपण परत उचलतोच. देवी काही ठेवून घेत नाही. आणि माझ्या जुन्या लुगड्यांचे काठ सरस्वतीपुढे बसणार, म्हणजे मला कमी आनंद आहे का?

तुझा स्वभाव लहानपणापासून तिरका. जो तो तुझ्याविरुद्ध कट करतोय असं तुला वाटतं. त्या पुण्याच्या बाईलाही स्वल्प समजून घे, ती पण परक्या गावात नोकरी करते.

पवित्राची गोष्ट शेजारच्या अक्कांना वाचून दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. मला त्या पोरीचा अभिमान वाटला.

मावशी


बेंगळुरू, १९ ऑक्टोबर

मावशी,

दिवाळीचा फराळ पोचला. चकल्या अप्रतिम.

पुस्तकं दिली होती. पूजा झाली. आता ती खालच्या मोठ्या हॉलमध्येच आहेत, दर्शनी भिंतीवर. येणारे-जाणारे थांबून बघतात. काम फार आहे, म्हणून एवढंच लिहिते.

वीणा


निपाणी, ३ नोव्हेंबर

चि. वीणा,

तुझं एवढंसं पत्र वाचून आधी वाटलं, पोरगी आजारी आहे की काय. पण बातमी वाचून सगळं विसरले. मोठ्या हॉलमध्ये, दर्शनी भिंतीवर! म्हणजे शेवटी त्यांना अक्कल आली, तुझ्या पेट्या सगळ्या शाळेसाठी खाली नेल्या. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आमच्या शाळेत पुस्तकं हेडमास्तरांच्या कपाटात असायची आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. तुझी शाळा मोठी आहे म्हणायची.

गुंडोच्या बोम्मसंद्राच्या नव्या घराची वास्तुशांती आहे, त्याला येतेच आहे. आदल्या दिवशी तुझ्या शाळेत डोकावेन. पोरं माझी पुस्तकं कशी वाचतात ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. पवित्राला सांगून ठेव.

मावशी


बेंगळुरू, ८ नोव्हेंबर

मावशी,

शाळेत नको येऊस. बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत, उगाच गेटवर उभी राहशील. आपण गुंडोदादाकडेच भेटू, निवांत बोलू. नक्की.

वीणा


निपाणी, १८ नोव्हेंबर

वीणा,

वास्तुशांतीला तुझी वाट न बघता आरती झाली की निघाले, रात्रीच्या बसनं घरी आले. भेटले असते तर चार लोकांत तुला बोलले असते, आणि ते गुंडोच्या घरी बरं दिसलं नसतं. आता इथून बोलते.

तू नको म्हटलंस तरी आदल्या दिवशी मी शाळेत गेले. गुंडोनं गेटवर सोडलं. तुमचा वॉचमन मल्लाप्पा गोकाकचा निघाला. निपाणीहून आले म्हटल्यावर "बन्नी अज्जी, बन्नी" म्हणत त्यानं मला आत नेऊन बसवलं. तू वर्ग घेऊन लालबागेत गेलीस म्हणून कळलं. म्हटलं बरं झालं, शांतपणे बघता येईल.

समोर भिंतीवर प्लायवूडचं झाड. त्याला हिरव्या कापडाची पानं. आणि फांद्यांवर माझी पुस्तकं, उघडी, पंख पसरल्यासारखी. आधी मला छान वाटलं बघ. एका पुस्तकामागून डोकावणारा माझा जांभळा काठ मी ओळखला, तो माझ्या लग्नातल्या इरकलीचा. पुस्तक काढायला हात घातला. निघेना. ओढलं, तर पान फाटून हातात आलं. मग चष्मा नीट लावून बघितलं. वीणा, पुस्तकाच्या मधोमध स्क्रू पिळलेला आहे. पानांतून आरपार. प्रत्येक पुस्तकात. मी शिवलेल्या दोऱ्याच्या शेजारी.

तेवढ्यात ती तुझी शाल्मली आली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, प्लीज, हात नका लावू, ते डेकोर आहे." मी विचारलं, मुलं वाचतात कशी? ती म्हणाली, "ही वाचायची नाहीत आजी, बघायची आहेत."

मी ओरडले. ज्याला कमी ऐकू येतं त्याचा आवाज किती मोठा असतो ते त्या हॉलला त्या दिवशी कळलं. वरच्या मजल्यावरून लोक वाकून बघायला लागले. कोट घातलेले एक गृहस्थ आले. ते कृष्णमूर्ती, तुमचे प्रिन्सिपॉल, हे मला नंतर मल्लाप्पानं सांगितलं. ते काय म्हणत होते मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. त्यांना मी कन्नडमध्ये विचारलं, देवीपुढे ठेवायला म्हणून नेलेली वस्तू भिंतीला ठोकणारे तुम्ही कोण? तुमच्या घरात पूजेला मांडलेल्या पुस्तकांना भोकं पाडता का? मल्लाप्पानं मला पाणी आणून दिलं.

मीच तुला दे म्हणून लिहिलं, ते काही मी विसरलेली नाही. पण तू? दर्शनी भिंतीवर आहेत म्हणून लिहिलंस! मला फसवलंस ते एक वेळ चालेल. तुझी मुलं रोज त्या झाडाखालून जातात आणि तू त्यांच्या पुढून मान खाली घालून जातेस, हे मला चालणार नाही. कोण आहेस तू त्या वर्गाची? पेंग्विनवर चिडणारी माझी भाची एवढ्यात कुठे गेली?

मावशी


बेंगळुरू, २९ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बोललीस ते सगळं मान्य.

सुटीनंतर शाळेत आले आणि ते झाड बघितलं. प्रिन्सिपॉलांकडे गेले. ते म्हणाले, शाळेला भेट मिळालेली पुस्तकं शाळेची, तुमची नव्हेत. शाल्मली मॅडम म्हणाल्या, "वीणा, इमोशनल होऊ नकोस, बघ किती लाईक्स आलेत." माझी नोकरी मार्चपर्यंत कच्ची आहे, कायम करणं त्यांच्याच हातात. मी गप्प बसले. तुला काय लिहू? तुझ्या लुगड्यांना भोकं पाडली असं लिहू?

मुलं रोज विचारायची, सरस्वती पुस्तकं कधी देणार? आणि पवित्रा. तिचं कासव खालच्या फांदीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेलं. बाजाराच्या तोंडाशी कासव पोचतं, त्या दोन पानांवर उघडं. ती रोज सकाळी ओळ सोडून तिथं थांबायची आणि तीच दोन पानं वाचायची. मग वर्गात येऊन इतरांना तेवढंच सांगायची. काल जे सांगितलं तेच आज. आता कुणी "पुढे काय" विचारेनासं झालं होतं.

तुझ्या ओरडण्याचा परिणाम झाला हे तुला सांगायलाच हवं. हॉलमध्ये एक-दोन पालक होते, त्यांनी चित्रण केलं. ग्रुपवर आलं आणि वर्गाला रद्दीचं दुकान म्हणणाऱ्या त्याच पालकांना एकाएकी पुस्तकांची माया आली! दोन दिवसांत तुझी पुस्तकं उतरवून माझ्या वर्गात आणून टाकली. खोक्यात, ढिगानं. मुलांनी त्यांवर झडप घातली. भोकातून अक्षरं गेलीत, मुलं अंदाजानं वाचतात, भांडतात, इथं हाच शब्द होता म्हणून. पवित्रानं कासवाला शेवटपर्यंत नेलं. संपल्यावर परत पहिल्या पानावर आली.

मला वाटलं, संपलं. माफी मागितली नाही कुणी, पण पुस्तकं आली ना, बास. आणि परवा स्टोअरमध्ये खडू आणायला गेले, तर एक भलंमोठं खोकं. आत कोरी करकरीत गोष्टींची पुस्तकं, इतकी सुंदर की मी खाली बसूनच बघायला लागले. शाल्मली मॅडम मागून आल्या. म्हटलं, वर्गांसाठी का? त्या म्हणाल्या, "नाही गं, ट्रीसाठी. गॅदरिंगच्या आधी रिकामं झाड कसं ठेवणार? सोमवारी फिटर येतोय. आणि या वेळी नवीनच घेतलीत, म्हणजे कुणाच्या सेंटिमेंट्स हर्ट व्हायला नकोत."

मावशी, त्या बाईला खरंच असं वाटतं की तू लुगड्यासाठी ओरडलीस.

मग मी काय केलं ते सांगते. काल दुपारी अख्खा वर्ग घेऊन स्टोअरमध्ये गेले. खोकं उघडलं. मुलांना म्हटलं, एकेक घ्या आणि पहिल्या पानावर आपलं नाव लिहा. पेनानं लिहा, पेन्सिलीनं नको. चुकलं तर खोडून लिहा, डाग पडला तर पडू दे. मग तिथंच जमिनीवर बसून घंटा होईपर्यंत वाचलं. कुणाच्या हाताला लोणच्याचं तेल होतं. एकानं मुखपृष्ठावरच्या वाघाला मिशा काढल्या. पुस्तकं घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. सगळी गेली. ती विकत घ्यायला माझा पगार पुरणार नाही, आणि कापायचा तर त्यांनी कापावा.

निघताना पवित्रा दाराशी थांबली. पुस्तक पोटाशी धरलेलं. म्हणाली, "मिस, हे पण भिंतीवर लावणार?"

मी नाही म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं, मग दप्तर उघडून पुस्तक आत ठेवलं.

सोमवारी सकाळी मला ऑफिसात बोलावलंय. कृष्णमूर्ती सर असतील, शाल्मली मॅडम असतील. पुस्तकं परत गोळा करून द्या म्हणतील, नाहीतर मार्चची वाट बघू नका म्हणतील. मी त्या पोरीला नाही म्हटलंय, आता ते खरं करायला जातेय.

वीणा